वार्षिक अहवालातून कंपनीच्या धंद्याचं गणित कसं काढायचं आणि चित्रात कसं मांडायचं

कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला की सुरुवातीची पानं हसऱ्या ग्राहकांच्या फोटोंची आणि अध्यक्षांच्या मनोगताची असतात. धंद्याचं गणित मात्र मागच्या बाजूला, बारीक अक्षरांतल्या टीपांमध्ये असतं. नफा-तोटा पत्रकातून कंपनी किती कमावते ते कळतं. कशी कमावते हे कळायला ताळेबंद, म्हणजे कंपनीकडे काय आहे आणि ती कोणाचं काय देणं लागते त्याचा तक्ता, शेजारी ठेवावा लागतो. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात, म्हणून त्यांची चित्रं देखणी होतात पण काही सांगत नाहीत.

इथे उदाहरणाला डी-मार्ट चालवणारी अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स घेतली आहे. दुकान आतून पाहिलेलं असलं की आकडे पटकन बोलायला लागतात. तुलनेला अमेरिकेची कॉस्टको ही दुकानसाखळी आहे, जिथे वर्गणी भरून सदस्य झालेल्यांना खरेदी करता येते. दोघांचा धंदा वरवर एकच: कमी नफ्यावर भरपूर माल विकायचा. आकडे मांडले की फरक दिसतो.

आधी प्रश्न, मग आकडे

कागदावर एका ओळीत प्रश्न लिहा. "डी-मार्टचं बिझनेस मॉडेल समजून घ्यायचंय" हा प्रश्न नव्हे. "ग्राहकाच्या शंभर रुपयांतले किती कंपनीकडे उरतात आणि ते कुठे जातात?", "विक्री वाढली ती दुकानं वाढल्यामुळे की आहे त्याच दुकानात जास्त खपल्यामुळे?", "माल विकला जाईपर्यंत पैसा कोणाचा अडकतो?" हे प्रश्न झाले. प्रत्येकाचं चित्र वेगळं आहे: पहिल्याला पैशाच्या प्रवाहाचं, दुसऱ्याला फांद्यांचं, तिसऱ्याला दिवसांच्या पट्टीचं. तिन्ही एकाच चित्रात कोंबायला गेलात की चौथीच गोष्ट तयार होते, ती कोणालाच वाचता येत नाही.

कागद कुठून आणायचे

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचे कागद फुकट मिळतात. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर तिमाही निकाल आणि वार्षिक अहवाल असतात. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वर्षाचे लेखापरीक्षित निकाल ६० दिवसांत द्यावे लागतात. निकालाबरोबर येणारं गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरणही उतरवून घ्या. दुकानांची संख्या, क्षेत्रफळ, बिलांची संख्या असे आकडे हिशेबाच्या पत्रकांत नसतात, ते तिथे सापडतात.

नोंद नसलेल्या कंपनीसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर जावं लागतं. शंभर रुपये भरून कंपनीने दाखल केलेले सार्वजनिक कागद पाहता येतात. त्यातला एओसी-४ हा फॉर्म हिशेबाचा आणि एमजीटी-७ हा भागधारक-संचालकांचा. कंपनी कायद्याच्या व्याख्येत 'लहान कंपनी' बसत असेल तर तिला रोकड प्रवाह पत्रक (रोख कुठून आली आणि कुठे गेली त्याचा तक्ता) देण्याचं बंधन नाही. ते सापडलं नाही म्हणून शोधत बसू नका.

शोधताना कंपनीचा २१ अक्षरी ओळख क्रमांक वापरा, कारण सारख्या नावांच्या कंपन्या पुष्कळ असतात. अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्सचा क्रमांक एल५१९००एमएच२०००पीएलसी१२६४७३ असा आहे. 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंद असलेली, 'एमएच' महाराष्ट्र, २००० हे स्थापनेचं वर्ष. मधले पाच अंक उद्योगाचे, पण त्यांच्यावरून धंदा ठरवू नका. ५१ हा गट जुन्या वर्गीकरणात घाऊक व्यापाराचा होता, २००८ च्या वर्गीकरणात तो हवाई वाहतुकीचा आहे. या अंकांवरून कंपन्यांची वर्गवारी करणारी तयार यादी कुठे मिळाली तर डी-मार्ट विमानं उडवताना दिसू शकतं.

तयार आकडे देणारी संकेतस्थळं चाचपणीपुरती ठीक. ती वेगवेगळ्या कंपन्यांचे मथळे आपल्या साच्यात बसवतात, आणि धंद्याचं वैशिष्ट्य नेमकं त्या बसवण्यात हरवतं. चित्रात जाणारा प्रत्येक आकडा मूळ अहवालाशी ताडून घ्या.

तक्ता मांडताना

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये पाच स्तंभ पुरतात: वर्ष, बाब, रक्कम, एकक, पान क्रमांक. पान क्रमांकाचा कंटाळा करू नका. महिन्याभराने "हा आकडा कुठून आला" असं कोणी विचारलं की त्याची किंमत कळते. किमान पाच वर्षं भरा. दोन वर्षांच्या तुलनेत मॉडेल कळत नाही, फक्त ते वर्ष कसं गेलं ते कळतं.

पीडीएफमधून आकडे चिकटवले की तीन गोष्टी हमखास बिघडतात. कंसातला आकडा ऋण असतो, पण चिकटवल्यावर तो कधी मजकूर होतो तर कधी धन. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांमुळे आकडा आकडा राहत नाही. आणि एकक बदलतं: एक कंपनी कोटींत लिहिते, दुसरी लाखांत, तिसरी दशलक्षांत. भरून झालं की एकूण उत्पन्नातून सगळे खर्च आणि कर वजा करून बघा. छापलेल्या निव्वळ नफ्याशी एक-दोन कोटींचा फरक आला तर तो पूर्णांक करण्यातला आहे. त्याहून मोठा असेल तर पुढे जाऊ नका.

मालाच्या किमतीच्या ओळीवर नवखे सगळ्यात जास्त अडखळतात. आपल्याकडच्या पत्रकात ती एका ओळीत नसते. 'विक्रीसाठी माल खरेदी' आणि 'साठ्यातील बदल' अशा दोन ओळी असतात. वर्षात साठा वाढला असेल तर दुसरी ओळ कंसात, म्हणजे ऋण, येते. दोन्हींची चिन्हासकट बेरीज करायची. नुसती खरेदी धरलीत तर वाढत्या कंपनीची मालाची किंमत फुगते आणि ढोबळ नफा (विक्री वजा मालाची किंमत) खरा असतो त्याहून कमी दिसतो. स्वतः माल बनवणाऱ्या कंपनीत 'वापरलेला कच्चा माल' ही तिसरी ओळही मिळवायची.

एकटी कंपनी की सगळं कुटुंब

उपकंपन्या असलेल्या कंपनीच्या अहवालात हिशेबाचे दोन संच असतात. स्टँडअलोन म्हणजे फक्त मूळ कंपनी, कन्सॉलिडेटेड म्हणजे उपकंपन्या धरून. कोणता घ्यायचा यावर वाद घालण्यापेक्षा दोन्ही घ्या आणि वजाबाकी करा. त्या फरकात पुष्कळदा दुसरा धंदा लपलेला असतो.

अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्सचं २०२३-२४ चं उत्पन्न स्टँडअलोन ४९,५३३ कोटी आणि कन्सॉलिडेटेड ५०,७८९ कोटी. निव्वळ नफा मात्र स्टँडअलोन २,६९५ कोटी आणि कन्सॉलिडेटेड २,५३६ कोटी. उपकंपन्या धरल्या की विक्री १,२५६ कोटींनी वाढते आणि नफा १५९ कोटींनी घटतो. २०२४-२५ मध्ये हेच फरक १,५६८ कोटी आणि २२० कोटी झाले (उत्पन्न ५७,७९० आणि ५९,३५८, नफा २,९२७ आणि २,७०७). म्हणजे कुटुंबात कोणीतरी पैसे खातंय, आणि वाढत्या प्रमाणात. उपकंपन्यांची यादी बघितली की घरपोच विक्रीचा 'डी-मार्ट रेडी' वेगळ्या कंपनीत आहे हे दिसतं. प्रत्येक उपकंपनीची उलाढाल आणि नफा-तोटा वार्षिक अहवालातल्या एओसी-१ या तक्त्यात एका पानावर मिळतो.

पण १,२५६ कोटी म्हणजे ऑनलाइन विक्री, असं मात्र लिहू नका. उपकंपनीने मूळ कंपनीकडून घेतलेला माल एकत्रित हिशेबातून वगळला जातो, नाहीतर तीच विक्री दोनदा मोजली जाईल. प्रत्यक्ष ऑनलाइन विक्री या फरकाहून बरीच मोठी असू शकते. ती एओसी-१ मधूनच घ्या.

शंभर रुपयांचा हिशेब

सगळ्या रकमांना उत्पन्नाने भागून शंभराने गुणा. ही साधी कृती चित्राआधी करायचीच. डी-मार्टचं २०२३-२४ चं एकत्रित चित्र असं येतं. ग्राहकाने दिलेल्या १०० रुपयांतले साधारण ८५ मालाच्या खरेदीत जातात, २ पगारांत आणि ५ वीज, सुरक्षा, वाहतूक अशा इतर खर्चांत. उरतात ८. त्यातून घसारा (इमारती, यंत्रं यांच्या झिजेपोटी धरलेला खर्च) १.४ आणि व्याज जेमतेम ०.१ जातं, ठेवींवरच्या व्याजासारखं इतर उत्पन्न ०.३ येतं, कर १.८ जातो. हातात ५ राहतात.

आता कॉस्टको. १ सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षात माल विकून २,४९,६२५ दशलक्ष डॉलर आले, शिवाय सदस्यत्वाच्या वर्गणीचे ४,८२८. मालाची किंमत २,२२,३५८, दुकानं आणि कार्यालयं चालवण्याचा खर्च २२,८१०. विक्रीच्या १०० डॉलरमागे माल ८९.१, खर्च ९.१, उरले १.८. त्यात वर्गणीचे १.९ मिळवले की व्यवसायाचा नफा ३.७. वर्गणीचा आकडा या नफ्याच्या निम्म्याहून जास्त आहे. वर्गणी नसती तर ९,२८५ ऐवजी ४,४५७ दशलक्षच उरले असते.

इथे थोडं थांबून विचार करा. वर्गणी म्हणजे निव्वळ नफा असं म्हणणं सोपं आहे, आणि समाजमाध्यमांवरची निम्मी चित्रं तेच म्हणतात. पण स्वस्त मालाशिवाय वर्गणी कोणी भरणार नाही, आणि तो स्वस्तपणा ८९.१ या आकड्यात आहे. वर्गणीला तिचा वेगळा खर्च हिशेबात लावलेलाच नाही. "वर्गणीची रक्कम नफ्याच्या ५२ टक्के आहे" हे बरोबर. "५२ टक्के नफा वर्गणीतून येतो" हा अर्थ आपण लावलेला आहे. चित्राखालच्या ओळीत पहिलं वाक्य वापरा.

दुसरी मेख तुलनेत आहे. डी-मार्टचा चालवण्याचा खर्च ७ आणि कॉस्टकोचा ९.१, म्हणून डी-मार्ट जास्त काटकसरी, असं वाटतं. पण आपल्याकडच्या पत्रकात घसारा वेगळ्या ओळीत असतो, कॉस्टकोच्या पत्रकात त्याचा मोठा भाग त्या ९.१ मध्येच मिसळलेला आहे. डी-मार्टच्या ७ मध्ये १.४ मिळवा, अंतर बरंच कमी होतं.

प्रवाहाचं चित्र

डावीकडून पैसा येतो, पट्ट्या फुटत जातात, उजवीकडे नफा उरतो, पट्टीची जाडी रकमेच्या प्रमाणात. या आकृतीला सँकी म्हणतात. १८९८ मध्ये आयर्लंडच्या कॅप्टन सँकी यांनी वाफेच्या इंजिनातली उष्णता कुठे वाया जाते ते अशा पट्ट्यांनी दाखवलं होतं. गळती दाखवायला ही आकृती आजही सगळ्यात चांगली.

एक्सेलमध्ये सँकी तयार मिळत नाही. सँकीमॅटिक हे मोफत संकेतस्थळ पुरेसं आहे. प्रत्येक पट्टीची एक ओळ लिहायची: कुठून, चौकटी कंसात किती, कुठे. डी-मार्टच्या २०२३-२४ च्या एकत्रित हिशेबाच्या ओळी, कोटींत:

दुकानांचं उत्पन्न [५०७८९] एकूण उत्पन्न
इतर उत्पन्न [१४६] एकूण उत्पन्न
एकूण उत्पन्न [४६६८५] माल, पगार, इतर खर्च
एकूण उत्पन्न [७३१] घसारा
एकूण उत्पन्न [५८] व्याज
एकूण उत्पन्न [९२५] कर
एकूण उत्पन्न [२५३६] निव्वळ नफा

नावं मराठीत चालतात, आकडे मात्र इंग्रजी अंकांत आणि स्वल्पविरामाशिवाय टाका. आत आलेले ५०,९३५ आणि बाहेर गेलेल्यांची बेरीज ५०,९३५, म्हणजे गाठ (पट्ट्या जिथे मिळतात किंवा फुटतात ती जागा) जुळली. प्रत्येक गाठीवर आत-बाहेर सारखं असलंच पाहिजे. जुळलं नाही तर आकृती तरीही उमटते, म्हणून बेरीज आपणच तपासायची.

हे पहिलं चित्र काढून बघा: एक जाडजूड पट्टी आणि चार दोऱ्या. यातून काही कळत नाही. म्हणून ४६,६८५ ची पट्टी टीपांमधून माल, पगार, वीज, वाहतूक अशी फोडायची आणि मध्ये 'ढोबळ नफा' ही गाठ घालायची. म्हणजे पहिल्या टप्प्यावर माल वेगळा पडतो आणि उरलेल्या पंधरा रुपयांचं काय होतं ते नजरेत भरतं. तरीही दोऱ्या बारीकच राहिल्या तर ढोबळ नफ्यापासून सुरू होणारी दुसरी आकृती काढा. कमी नफ्याच्या धंद्यात ती जास्त बोलते. पट्ट्या एकूण पंधराच्या वर नेऊ नका. एक टक्क्याहून लहान बाबी 'इतर'मध्ये घाला. मात्र ती बाब हाच तुमचा प्रश्न असेल तर तिला वेगळी ठेवा. डी-मार्टचं ५८ कोटींचं व्याज मी कधीच 'इतर'मध्ये ढकलणार नाही, कारण जवळजवळ कर्जाशिवाय वाढणं हीच त्या कंपनीची ओळख आहे.

तोट्यातल्या कंपनीत ही पद्धत अडते, कारण ऋण जाडीची पट्टी नसते. तिथे 'तोटा' ही गाठ डावीकडे ठेवून तिच्यातून खर्चाकडे पट्टी काढा. अर्थ असा की एवढा खर्च ग्राहकाच्या नव्हे, भांडवलाच्या किंवा कर्जाच्या पैशातून झाला. ते जमत नसेल तर पायऱ्यांचा आलेख घ्या. एक्सेलमध्ये २०१६ पासून 'वॉटरफॉल' या नावाने तो तयार आहे, ऋण आकडेही नीट पेलतो. फक्त उपबेरजांच्या स्तंभांवर उजवं बटण दाबून 'सेट अ‍ॅज टोटल' निवडा, नाहीतर ढोबळ नफा पुन्हा एकदा वर रचला जातो आणि आलेख छताला टेकतो.

ताळेबंद शेजारी ठेवा

शंभर रुपयांच्या हिशेबात डी-मार्ट आणि कॉस्टको बरेच जवळचे वाटले. आता तीन भागाकार करा. साठ्याचे दिवस म्हणजे साठा भागिले मालाची वार्षिक किंमत, गुणिले ३६५. देण्याचे दिवस काढताना साठ्याच्या जागी पुरवठादारांची देणी. येण्याचे दिवस काढताना वर ग्राहकांकडची येणी आणि खाली विक्री.

कॉस्टकोकडे २०२४ च्या वर्षअखेर साठा १८,६४७ दशलक्ष डॉलरचा आणि पुरवठादारांची देणी १९,४२१. म्हणजे माल ३१ दिवसांत विकला जातो आणि त्याचे पैसे ३२ दिवसांनी द्यायचे असतात. गोदामातला माल पुरवठादारांच्याच पैशावर उभा आहे. डी-मार्टचा साठाही साधारण महिनाभराचाच, पण देणी आठवडाभराच्या आसपासची. मधल्या तीन-साडेतीन आठवड्यांत कंपनीचा स्वतःचा पैसा मालात अडकलेला असतो.

हा ढिसाळपणा समजू नका. लवकर पैसे देणाऱ्याला पुरवठादार भाव कमी लावतो, हे मार्केट यार्डात बसणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. डी-मार्टने तेच मोठ्या प्रमाणावर केलं. अडकलेल्या पैशाची किंमत ताळेबंदात दिसते आणि त्याचा मोबदला नफा-तोट्यातल्या ८५ या आकड्यात विरघळून गेलेला असतो. एकच पत्रक वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही.

याचं चित्र सोपं आहे. आडवी रेघ, तिच्यावर दिवस. शून्यावर 'माल आला', आठच्या आसपास 'पुरवठादाराला पैसे दिले', महिना उलटल्यावर 'माल विकला, रोख मिळाली'. पैसे दिल्यापासून मिळेपर्यंतचा भाग गडद रंगवा. खाली कॉस्टकोची तशीच रेघ, जिच्यात गडद भागच नाही. दोन रेघांचं हे चित्र कित्येक सँकींना भारी पडतं. वर्षअखेरच्या एका दिवसाच्या आकड्यावर ते उभं आहे, एवढं मात्र तळाशी लिहा. सणासुदीच्या आधी साठा वेगळा असतो. जमलं तर वर्षारंभ आणि वर्षअखेर यांची सरासरी घ्या.

जागांचंही असंच. डी-मार्टची बहुतांश दुकानं स्वतःच्या मालकीच्या किंवा तीस वर्षांहून मोठ्या भाडेपट्ट्याच्या जागेत आहेत. भाड्याच्या जागेतल्या साखळीशी तुलना करताना 'घसाऱ्याआधीचा नफा' फसवतो. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे इंड एएस ११६ हे भाडेपट्ट्यांचं हिशेब मानक लागू झालं, तेव्हापासून दीर्घ मुदतीचं भाडं 'भाडं' म्हणून दिसत नाही. ते घसारा आणि व्याज यांत वाटलं जातं. त्यामुळे भाड्याने राहणारी कंपनी त्या एका आकड्यावर एकदम श्रीमंत दिसते. २०१८-१९ आणि २०१९-२० यांच्यामध्ये तुमच्या आलेखाने अचानक उडी मारली असेल तर आधी हेच तपासा. भाड्याची खरी रोकड रोकड प्रवाह पत्रकात, वित्तपुरवठ्याच्या भागात 'लीज दायित्वाची परतफेड' या ओळीत सापडते.

वाढ कुठून आली: फांद्यांचं चित्र

किरकोळ विक्रीचं सूत्र असं: विक्री = दुकानांची संख्या × दर दुकानाचं क्षेत्रफळ × दर चौरस फुटाची विक्री. ही झाडासारखी मांडा आणि प्रत्येक फांदीवर दोन वर्षांचे आकडे लिहा. डी-मार्टचे स्टँडअलोन आकडे घेऊ.

२०१९-२० मध्ये विक्री २४,६७५ कोटी, दुकानं २१४, क्षेत्रफळ ७८ लाख चौरस फूट. २०२३-२४ मध्ये विक्री ४९,५३३ कोटी, दुकानं ३६५, क्षेत्रफळ १५१.५ लाख चौरस फूट. चार वर्षांत विक्री दुप्पट, क्षेत्रफळही जवळजवळ दुप्पट. कंपनीने दिलेली दर चौरस फुटाची विक्री ३२,८७९ रुपयांवरून ३२,९४१ रुपयांवर, म्हणजे जागच्या जागी. मधल्या काळात ती २७,३०६ पर्यंत खाली आली होती. २०२०-२१ हे टाळेबंदीचं वर्ष होतं. चार वर्षांची महागाई लक्षात घेतली तर दर फुटामागे विकलेला माल प्रत्यक्षात कमीच झाला असणार.

का, ते दुसरी फांदी सांगते. दर दुकानाचं सरासरी क्षेत्रफळ साधारण ३६,४०० वरून ४१,५०० चौरस फुटांवर गेलं. नवी दुकानं मोठी आहेत, आणि मोठं नवं दुकान भरायला वेळ लागतो. "विक्री दुप्पट" हा मथळा खरा आहे, पण ती जवळजवळ सगळी नव्या फरशीवर झाली. जागा विकत घेऊन दुकान काढणाऱ्या कंपनीत नवी फरशी म्हणजे नवं भांडवल. इथून पुढचा प्रश्न आपोआप येतो: ते भांडवल कुठून? रोकड प्रवाह पत्रकात धंद्यातून आलेली रोकड आणि मालमत्तेवरचा खर्च शेजारी-शेजारी ठेवा. पहिलीचा बहुतांश भाग दुसऱ्यात जातो.

४९,५३३ कोटींना १५१.५ लाखांनी भागलंत तर ३२,७०० च्या आसपास उत्तर येईल, ३२,९४१ नाही. घाबरू नका, कंपनीची व्याख्या तळटीपेत असते. सलग वर्षांची तुलना करताना एकतर सगळीकडे कंपनीचा आकडा घ्या किंवा सगळीकडे स्वतःचा. सरमिसळ केलीत तर नसलेला कल दिसायला लागतो.

प्रत्येक धंद्याचं झाड वेगळं. हॉटेलात खोल्या × भरण्याचं प्रमाण × सरासरी भाडं. बँकेत कर्जं × व्याजातला फरक, वजा बुडीत. दूध संघात संकलनाचे लिटर × लिटरमागचा फरक. झाड नीट जमलं तर कंपनी कोणते आकडे अहवालात देत नाही तेही उघडं पडतं.

एकाच छताखाली अनेक धंदे असतील तर

इंड एएस १०८ नुसार कंपनीला विभागवार उत्पन्न आणि नफा द्यावा लागतो. आयटीसी हे ठळक उदाहरण. विक्रीत सिगारेटचा वाटा निम्म्याहून कमी, नफ्यात तीन-चतुर्थांशांच्या आसपास. शेजारी-शेजारी दोन उभे स्तंभ काढा, एक विक्रीचा आणि एक नफ्याचा, आणि त्याच विभागांना तेच रंग द्या. यासाठी दोन वर्तुळालेख (पाय चार्ट) काढण्याचा मोह टाळा. दोन वर्तुळांतल्या फोडींची तुलना डोळ्याला जमत नाही.

दोन सावधगिऱ्या. विभाग एकमेकांना माल विकतात. आयटीसीचा शेती विभाग सिगारेट विभागाला तंबाखू देतो, म्हणून विभागांची बेरीज एकूण विक्रीहून जास्त येते. वजा करायची रक्कम त्याच तक्त्यात खाली असते. आणि धंदा वेगळा काढला की मालिका तुटते. आयटीसीची हॉटेलं १ जानेवारी २०२५ पासून वेगळ्या कंपनीत गेली. आलेखावर तिथे उभी तुटक रेघ हवीच.

डी-मार्ट किरकोळ विक्री हा एकच विभाग दाखवते. तिथे सादरीकरणातला मालाच्या प्रकारांचा तक्ता वापरा. २०२३-२४ मध्ये खाद्यपदार्थ साधारण ५७ टक्के, साबण-शाम्पूसारखा माल २० आणि कपडे-भांडी वगैरे २३. हा शेवटचा वाटा २०१९-२० मध्ये २७ टक्क्यांच्या वर होता. डाळ-तेलापेक्षा बादली आणि टी-शर्टवर नफा जास्त सुटतो, त्यामुळे हा आकडा ढोबळ नफ्याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे.

आलेख खोटं बोलतो त्या जागा

उत्पन्नाची व्याख्या बदलणं ही सगळ्यात मोठी. झोमॅटो आणि ब्लिंकिट चालवणाऱ्या इटर्नलचं उत्पन्न सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत वर्षभरापूर्वीच्या ४,७९९ कोटींवरून १३,५९० कोटींवर गेलं, १८३ टक्के वाढ. ग्राहकांच्या ऑर्डरी मात्र काही तिपटीच्या घरात गेल्या नव्हत्या. ब्लिंकिटने माल स्वतःच्या नावावर घेऊन विकायला सुरुवात केली, म्हणून आधी फक्त दलाली उत्पन्नात येत होती ती जागा मालाच्या पूर्ण किमतीने घेतली. मध्यस्थी करणाऱ्या कोणत्याही कंपनीत तीन ओळी वेगळ्या ठेवा: ऑर्डरींची एकूण किंमत, हिशेबातलं उत्पन्न, आणि ऑर्डरीमागे कंपनीला सुटणारी रक्कम. कल बघायचा तो पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचा.

वर्षाची लांबीही बघा. कॉस्टकोचं २०२३ चं वर्ष ५३ आठवड्यांचं होतं, २०२४ चं ५२. मालाची विक्री २,३७,७१० वरून २,४९,६२५ दशलक्षांवर गेली, वाढ ५ टक्के दिसते. आठवडे बरोबरीत आणले की ती ७ होते.

स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. रेघालेखात सूट चालते, पण मग तसं लिहा. वेगवेगळ्या आकाराच्या बाबी एकत्र दाखवायच्या असतील तर उजवीकडे दुसरा अक्ष लावू नका. पहिलं वर्ष १०० धरून सगळ्या रेघा तिथून सुरू करा. डी-मार्टची विक्री, क्षेत्रफळ आणि दर फुटाची विक्री अशा तीन रेघा काढल्यात तर पहिल्या दोन २०० च्या जवळ पोचतात आणि तिसरी खड्ड्यात जाऊन १०० वर परतते.

रंग तीनच ठेवा: येणारा पैसा, जाणारा, उरणारा. हिरवा-लाल जोडी टाळा, ती ओळखू न येणारे वाचक बरेच असतात. निळा आणि नारिंगी चालतो.

मराठी अक्षरांसाठी एक तांत्रिक सूचना. पायथनच्या मॅटप्लॉटलिबच्या बहुतेक आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. फाँट बदलूनही फरक पडत नाही, कारण अडचण अक्षरं जुळवण्याच्या यंत्रणेत आहे. प्लॉटली किंवा सँकीमॅटिकसारखं ब्राउझरमध्ये चालणारं साधन घेतलं की 'उत्पन्न' आणि 'खर्च' नीट उमटतात. चित्र उतरवताना एसव्हीजी घ्या, मोठं केलं तरी अक्षर फाटत नाही. पण ते दुसऱ्याला पाठवायचं असेल तर पीएनजीच पाठवा. समोरच्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर एसव्हीजीतली नावं दुसऱ्याच फाँटात उमटतात आणि पट्ट्यांवर चढतात.

चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत चार गोष्टी हव्यात: कोणतं वर्ष, स्टँडअलोन की कन्सॉलिडेटेड, एकक, आणि अहवालाचं पान. पुढच्या तिमाहीचे आकडे आले की जुनं चित्र खोडू नका, तारीख घालून ठेवून द्या. कंपन्या मागच्या वर्षाचे आकडे पुढच्या अहवालात नव्याने मांडतात. ते का बदलले याची टीप वाचायची वेळ आली की जुनी प्रत लागते.